पावसाळ्यात विमानं वर, थंडीत खाली? कोपरखैरण्यावरून जाणाऱ्या विमानांची उंची

खाडीवारा
मंडळी, आम्ही कोपरखैरण्यात राहतो. मुंबईला पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्या सोसायटीच्या टाकीवरून जातात आणि खाडी ओलांडून घाटकोपरच्या दिशेला निघून जातात. फोनवर फ्लाइटरडार, म्हणजे उडत्या विमानांची जागा आणि उंची दाखवणारं ॲप, उघडून ती बघत बसायची मला आणि मुलाला सवय आहे. जानेवारीत टाकीवर आलेलं विमान २३०० फुटांच्या आसपास दिसायचं. आता जुलैत त्याच जागी २५७५ वगैरे दिसतंय. एखादंच नाही, रांगेत येणारी सगळीच.

यावरून सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. कमिटीतल्या काहींचं म्हणणं असं की थंडीत विमानं पावणेतीनशे फूट खालून नेतात, म्हणूनच तेव्हा आवाज जास्त येतो. तसं पत्र विमानतळाला द्यायचं चाललंय. मसुदा माझ्याकडे आलाय आणि त्यात ॲपचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जोडलेत. सही करण्याआधी मला नीट समजून घ्यायचंय. विमानं खरंच थंडीत खालून जातात का? नसतील तर ॲप असं का दाखवतं?

उड्डाणपूल
पावसाळ्यात भिजायला नको म्हणून ढगांच्या वरून जात असतील :)
गंभीर उत्तर येईपर्यंत जागा धरून ठेवतोय.

अनवट
ॲप चुकतं हो. मागच्या आठवड्यात भाऊ येणार होता म्हणून त्याचं विमान बघत होते. टेकायच्या क्षणापर्यंत तीनशेच्या आसपास फूट दाखवत होतं आणि मग एकदम शून्य. विमान तीनशे फुटांवरून धपकन पडलं की काय!

नौपाडा_बॅरोमीटर
अनवट ताई, तुम्ही फार मोलाची गोष्ट पाहिलीत. खाडीवारा यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

ॲप चुकत नाहीये आणि विमानही वरखाली होत नाहीये. मी वेधशाळेच्या नोकरीतून निवृत्त झालोय. आयुष्यभर हवेचा दाब मोजला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमानातला अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, उंची मोजतच नाही. तो बाहेरच्या हवेचा दाब मोजतो. आत हवा काढून घेतलेल्या पातळ धातूच्या चपट्या डब्या असतात. वर जावं तसा बाहेरचा दाब कमी होतो, डब्या फुगतात, त्यांची हालचाल काट्याला मिळते. नव्या विमानांत हे काम संगणक करतो, तत्त्व तेच. समुद्रसपाटीजवळ साधारण २७ फूट वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने (हे दाब मोजायचं एकक) उतरतो.

आता प्रश्न येतो की शून्य कुठून धरायचं. जगभर एक प्रमाण हवा ठरवलेली आहे. समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, तापमान १५ अंश. विमान आपली उंची रेडिओवरून सतत प्रसारित करतं, तेव्हा कायम हा १०१३.२५ चा दाब शून्य धरूनच करतं, तेही २५-२५ फुटांच्या टप्प्यांत. म्हणून तुम्हाला २५७५ दिसतं, २५८१ कधी दिसत नाही. ॲप तोच आकडा जसाच्या तसा दाखवतं.

पण आपल्याकडे खरा दाब १०१३ असतो कुठे? जुलैत उत्तर भारत तापून तिथे मोठा कमी दाबाचा पट्टा असतो आणि मुंबईत समुद्रसपाटीचा दाब १००३ च्या आसपास येतो. म्हणजे १०१३ पेक्षा १० कमी, १० गुणिले २७, २७० फूट. धावपट्टीवर उभं असलेलं विमानसुद्धा या हिशेबाने तीनशेच्या आसपास उंचीवर असतं. अनवट यांना दिसलं ते हेच. चाकं टेकली की विमान 'मी जमिनीवर आहे' असा वेगळा संदेश देतं, म्हणून ॲपवर एकदम शून्य.

जानेवारीत दाब १०१४ धरा. म्हणजे २७ फूट उलट दिशेने. आता करा हिशेब:
जुलै: २५७५ वजा २७० = २३०५
जानेवारी: २३०० अधिक २७ = २३२७
राहिला वीस-बावीस फुटांचा फरक. तो तापमानाचा आणि २५ फुटांच्या टप्प्यांचा. विमान एकाच वाटेने जातंय.

खाडीवारा
काका, हे फार सुंदर समजावलंत. स्क्रीनशॉट आत्ताच मसुद्यातून बाजूला काढते. एक विचारू? ॲप १०१३ धरून दाखवतं हे ठीक. पण वैमानिकाला समोर काय दिसतं? त्यालाही २५७५ दिसलं तर तो टेकायला गेल्यावर काय करायचं?

उजवी_खुर्ची
याचं उत्तर माझ्याकडे. खारघरला राहते, प्रवासी विमानात फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे.

आमच्या अल्टिमीटरला एक नॉब असतो आणि काट्याशेजारी, किंवा आता स्क्रीनवर, दाबाचा आकडा दिसतो. तो आकडा फिरवला की उंचीचं शून्य बदलतं. उतरताना विमानतळाचा त्या वेळचा समुद्रसपाटीचा दाब आम्हाला कळवला जातो. त्याला आम्ही क्यूएनएच म्हणतो. कंट्रोलर म्हणतो, 'क्यूएनएच वन झिरो झिरो थ्री', आम्ही तो आकडा परत म्हणून दाखवतो, दोघंही आपापल्या बाजूला लावतो आणि एकमेकांचा बघतो. तो लावला की मुंबईत जमिनीवर उभं असताना अल्टिमीटर ३९ फुटांच्या आसपास दाखवायला हवा, कारण मुंबई विमानतळ समुद्रसपाटीपासून तेवढा उंच आहे. उड्डाणाआधी आम्ही हे तपासतोच.

तेव्हा ताई, तुमच्या टाकीवर आम्हाला २३०० च दिसतं. जानेवारीतही आणि जुलैतही.

वर जाताना मात्र उलट करतो. ठरावीक उंची ओलांडली की सगळेच विमानतळाचा दाब सोडून १०१३ लावतात. ही उंची विमानतळाच्या नकाशावर छापलेली असते आणि देशागणिक बदलते. अमेरिकेत सगळीकडे १८,००० फूट आहे, आपल्याकडे बरीच खाली. तिथून वर 'फ्लाइट लेव्हल'चं राज्य. लेव्हल ३५० म्हणजे १०१३ धरून ३५,००० फूट. खाली येताना परत क्यूएनएच.

उड्डाणपूल
म्हणजे जुलैत ॲपच्या हिशेबाने माझा घणसोलीचा फ्लॅट २७० फूट वर जातो? तिसऱ्या मजल्याचे पैसे देऊन तिसाव्या मजल्यावर राहतोय की मी. बायकोला सांगून आलो, तिने कपडे वाळत घालायला पाठवलं.

दप्तर
मला हे सगळं पटत नाही. म्हणजे तुमचा हिशेब बरोबर असेल, पण पद्धतच जुनाट वाटते. हातातल्या फोनला जीपीएसवरून उंची कळते. मग विमानाने अजून हवेच्या दाबावर का विसंबायचं, तेही कुणीतरी रेडिओवर तोंडाने सांगितलेल्या आकड्यावर? दर वेळी नॉब फिरवायचा, वर एक आकडा, खाली दुसरा. चूक व्हायला किती जागा!

गडकोटवेडा
दप्तर, जीपीएसच्या उंचीचं मला विचारा. वाशीच्या खाडीपुलावर उभा होतो, जुना फोन उंची उणे ५० मीटरच्या आसपास दाखवत होता.

पण मला मनगटातल्या घड्याळाबद्दल बोलायचंय. त्यात दाबावर चालणारा अल्टिमीटर आहे. ठाण्याहून सकाळच्या कसारा लोकलने निघायचं, आसनगावला उतरून माहुली करायचा, संध्याकाळी परत. पायथ्याला घड्याळ नीट लावून वर गेलो आणि दुपारी चारला त्याच झाडाखाली परत आलो की तेच ठिकाण पंचवीस-तीस मीटर वर दाखवतं. आभाळ स्वच्छ, वारा नाही, काही नाही. आधी वाटायचं घड्याळ खराब आहे. बदलून घेतलं, नवंही तेच करतं.

आता सवय झालीय. ज्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर 'समुद्रसपाटीपासून उंची' लिहिलेली असते तिथे घड्याळ लावून घ्यायचं आणि संध्याकाळचा आकडा मनावर घ्यायचा नाही.

नौपाडा_बॅरोमीटर
गडकोटवेडा, घड्याळ उत्तम आहे, ते बदलायची गरज नव्हती. तुम्ही पाहिली ती हवेची भरती-ओहोटी. समुद्राला असते तशी वातावरणालाही असते, फक्त ती चंद्रापेक्षा सूर्याच्या तापण्याने चालते. आपल्या पट्ट्यात रोज सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला परत चढतो, पहाटे चारला परत उतरतो. सकाळ ते दुपार हा फरक ३-४ हेक्टोपास्कल सहज होतो. म्हणजे तुमचे पंचवीस-तीस मीटर.

तुम्ही स्टेशनच्या पाटीवर घड्याळ लावता ना, विमानतळ तेच विमानांसाठी करतो. ज्या जागेची उंची पक्की माहीत आहे तिथला दाब मोजायचा आणि सगळ्यांना सांगायचा.

तो मोजायचा कसा तेही सांगतो, कारण आता ती पद्धत गेली. आमच्या वेळी पाऱ्याचा बॅरोमीटर असायचा, भिंतीला टांगलेला, उंच पेटीत. जवळ गेलं की सगळ्यात आधी त्यालाच जोडलेला तापमापक वाचायचा, कारण आपण समोर उभे राहिलो की अंगाच्या उबेनेच तो चढायला लागतो. मग नळीला बोटाने हलकेच टिचकी मारायची. पारा काचेला चिकटलेला असतो, टिचकीने सुटतो आणि त्याचा माथा नीट घुमटासारखा होतो. मग व्हर्नियरची, म्हणजे सरकत्या मोजपट्टीची, कड घुमटाच्या टोकाला नुसती टेकेल अशी आणायची, डोळा बरोबर त्या रेषेत. आकडा लिहायचा आणि त्यात तापमानाची व गुरुत्वाकर्षणाची दुरुस्ती करायची. मगच तो आकडा टॉवरला जायचा. आता डिजिटल यंत्रं आहेत, हे सगळं आपोआप होतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाही होती, आजही आहे. १००३.९ आला तर १००४ सांगायचा नाही, १००३ च सांगायचा. अपूर्णांक कायम खाली. कारण दाबाचा आकडा कमी लावला की अल्टिमीटर उंची कमी दाखवतो. वैमानिकाला आपण आहोत त्यापेक्षा थोडं खाली वाटलं तर काही बिघडत नाही. उलटं झालं तर बिघडतं.

मुंब्राबायपास
यावरून आठवलं. १९९६ मध्ये हरियाणात चरखी दादरीला दोन विमानं हवेत धडकली, तेव्हा अल्टिमीटर चुकीचा लावला होता ना? लहानपणी पेपरात वाचल्यासारखं आठवतंय.

उजवी_खुर्ची
मुंब्राबायपास, नाही. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं बोइंग ७४७ १४,००० फुटांवर होतं आणि समोरून उतरणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिनला १५,००० वर राहायला सांगितलं होतं. ते थांबलं नाही, खाली आलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत ठपका कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरल्यावर आला. दाब लावण्याची ती चूक नव्हती. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना टक्करविरोधी यंत्र सक्तीचं झालं.

आता दप्तर यांचा मुद्दा, तो टाळण्यासारखा नाही. जीपीएसची उंची खरी उंची असेल, पण आम्हाला वरच्या हवेत खऱ्या उंचीची गरज फारशी पडत नाही. गरज असते ती समोरच्यापासून अंतर ठेवण्याची. मुंबईहून दिल्लीला जाताना खालच्या प्रत्येक गावचा दाब वेगळा. मी नाशिकचा लावला, समोरून येणाऱ्याने भोपाळचा लावला, तर आमच्या दोघांच्या 'हजार फूट अंतर' या शब्दाला अर्थ उरत नाही. सगळ्यांनी १०१३ लावला की सगळ्यांचं शून्य एक. ते शून्य खऱ्या समुद्रापासून तीनशे फूट वर असो की खाली, दोघांनाही सारखंच चुकलेलं असतं, म्हणून मधलं अंतर टिकतं. २९,००० ते ४१,००० फुटांमध्ये पूर्वी दोन हजार फुटांचं अंतर ठेवायचे, आपल्याकडे २००३ पासून हजाराचं आहे. ते या शिस्तीवर उभं आहे.

शिवाय जीपीएस बाहेरून येणाऱ्या सिग्नलवर चालतं आणि तो कुणीही बिघडवू शकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपास खोट्या जीपीएस सिग्नलचा त्रास झाला तो सगळ्यांनी वाचला असेल. हवेच्या दाबाला कुणी खोटा सिग्नल पाठवू शकत नाही.

नौपाडा_बॅरोमीटर
आणि वाशीच्या पुलावरच्या उणे ५० चं कारणही सांगून टाकतो. जीपीएस पृथ्वीला एक गुळगुळीत, चपटा गोल मानतं आणि त्या गोलापासून उंची देतं. खरा समुद्र त्या गोलावर बसत नाही. भारताच्या बाजूला तो खाली दबलेला आहे, मुंबईजवळ साठ-पासष्ट मीटर. बरेच नवे फोन ही दुरुस्ती स्वतः करतात, जुने करत नाहीत. समुद्र वाढला नाही की पूल खचला नाही.

आळेफाट्याची_सून
जुलै म्हटलं की माझे सासरे एक जुनी गोष्ट सांगतात. १९६२ च्या ७ जुलैला इटलीचं एक विमान मुंबईला उतरायच्या बेतात होतं आणि आमच्या जुन्नरकडच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं होती, सगळी गेली. मुसळधार पाऊस, अंधार. सासऱ्यांचे वडील शोधायला गेलेल्यांत होते. तेव्हाही अल्टिमीटरचं काही होतं का?

उजवी_खुर्ची
अलिटालियाचं डीसी-८, सिडनीहून रोमला जाणारं. वैमानिकांना आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा जवळ आलोय असं वाटलं आणि ते लवकर खाली आले. म्हणजे किती उंचीवर आहोत यापेक्षा कुठे आहोत हे चुकलं. मुंबईला पूर्वेकडून येताना सह्याद्री ओलांडावाच लागतो. उजवीकडे-डावीकडे माथेरान, प्रबळगड, हाजीमलंग, मग पारसिकची टेकडी आणि मगच खाडी. पावसात यातलं काहीच दिसत नाही. त्या प्रत्येक डोंगरासाठी 'याच्या खाली यायचं नाही' अशी उंची नकाशावर छापलेली असते. ती उंची पाळणं आणि दाबाचा आकडा बरोबर असणं, दोन्ही लागतं.

पायलटपरीक्षा_ऐरोली
या धाग्याची वाचनखूण साठवली. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मेटिऑरॉलॉजीच्या (हवामानशास्त्राच्या) पेपरला बसतोय. यातलं एक गणित दर वेळी उलटं येतं, इथेच सोडवून बघतो, चुकलो तर सांगा.

विमान १०१० चा दाब असलेल्या ठिकाणाहून निघालं, १००२ असलेल्या ठिकाणी पोचलं, वैमानिकाने नॉब फिरवलाच नाही. अल्टिमीटरवर २००० फूट. खरी उंची? फरक ८, गुणिले २७, २१६. दाब जास्तीचा लावलेला आहे, म्हणजे काटा जास्त दाखवतोय, म्हणजे विमान १७८४ फुटांवर. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना सावध, हे लक्षात ठेवायचं, बरोबर?

आणि सरांनी एक सांगितलं ते भयंकर वाटलं. अमेरिका, कॅनडा, जपानमध्ये दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात. प्रमाण दाब तिथे २९.९२. आपल्याकडच्या वैमानिकाने तिकडे घाईत 'नाईन नाईन टू' एवढंच ऐकलं आणि ९९२ हेक्टोपास्कल समजला तर २१ चा फरक, जवळजवळ ६०० फूट.

उजवी_खुर्ची
ऐरोली, शंभर टक्के बरोबर. तुझ्या ६०० फुटांत निदान काटा कमी दाखवेल, विमान समजतो त्यापेक्षा वर असेल. जीव जातो तो पहिल्या गणितात.

ते गणित पॅरिसला खरं झालं होतं, ते सांगतेच. २३ मे २०२२, स्टॉकहोमहून आलेलं एअरबस ए-३२०, चार्ल्स द गॉल विमानतळ. पावसाची सर चालू. धावपट्टीची आयएलएस यंत्रणा, म्हणजे जमिनीवरून येणारा तिरका रेडिओ किरण, त्या दिवशी बंद होती. मग उतरण्याची वाट विमानाने स्वतःच आखायची. दिशा उपग्रहावरून आणि उतार अल्टिमीटरवरून. आणि कंट्रोलरने दाब सांगितला १०११. खरा होता १००१.

वैमानिकांनी नियमाप्रमाणे १०११ परत म्हणून दाखवला. कंट्रोलरच्या लक्षात आलं नाही. दोन्ही अल्टिमीटरवर १०११, दोघांचे आकडे एकमेकांशी जुळणारे, स्क्रीनवर विमान अगदी उताराच्या रेषेवर. सगळं बरोबर, फक्त अख्खी रेषा २८० फूट खाली सरकलेली. धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे विमान जमिनीपासून ६ फुटांवर होतं. सहा. जमीन जवळ आल्याचा विमानातला गजर वाजलाच नाही, कारण विमान उतरण्याच्या तयारीत, धावपट्टीच्या रेषेत, ठरल्या वेगाने खाली येत होतं. धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकांनी विमान वर घेतलं, एवढ्यावर सगळे वाचले. दुसऱ्या फेरीतही १०११ च लावलेला होता. तेव्हा धावपट्टी दिसली आणि तिच्या कडेचे दिवे सांगत होते की खाली आहात, म्हणून त्यांनी सुधारून उतरवलं.

फ्रेंच तपास संस्थेचा अहवाल आम्ही सगळ्यांनी वाचलाय. तेव्हापासून मी सांगितलेला आकडा आधी स्वतः विमानतळाच्या छापील हवामान-अहवालाशी पडताळते. दहाचा फरक दिसला की विचारते, भले कंट्रोलर कामात असो.

दप्तर
मग माझंच खरं झालं की! एका माणसाच्या तोंडून एक आकडा चुकला आणि विमानभर माणसं सहा फुटांवर. तुम्ही वर म्हणालात हवेच्या दाबाला कुणी फसवू शकत नाही. दाबाला नाही फसवलं, आकड्याला फसवलं.

उजवी_खुर्ची
मान्य. म्हणून एकाच साधनावर उतरायचं नाही. मुंबईत आयएलएस चालू असताना तो किरण जमिनीवरून येतो, त्याला दाबाशी देणंघेणं नाही. अमुक अंतरावर अमुक उंची हे नकाशावर लिहिलेलं असतं. किरणावर असताना ती उंची जुळली नाही तर दाब चुकलाय हे तिथेच कळतं. खाली २५०० फुटांपासून रेडिओ अल्टिमीटर सुरू होतो, तो थेट जमिनीवर रेडिओ लहर आपटून अंतर मोजतो. 'फिफ्टी, फोर्टी, थर्टी' हे जे आम्हाला ऐकू येतं ते त्याचं. पॅरिसला किरण बंद होता, धावपट्टी दिसत नव्हती आणि आकडा चुकला. तीनही एकदम.

उपग्रहाच्या उंचीवर उतरायची पद्धतही आहे आणि आपल्याकडे त्यासाठी गगन ही यंत्रणा आहे. दप्तर, तुमची दिशा चुकीची नाही. पण वरच्या हवेत सगळ्यांचं शून्य एक असावं लागतं आणि ते अजून तरी दाबाचंच आहे.

दप्तर
इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. उतरण्यापुरता माझा आग्रह मी सोडत नाही, वरच्या हवेचं पटलं.

आजीचाबटवा
अवांतर विचारते, रागावू नका. विमानात वेफर्सचं पाकीट फुगतं आणि कान दडे बसतात ते याच दाबामुळे? लोणावळ्याला जातानाही बोरघाटात माझे कान बंद होतात.

नौपाडा_बॅरोमीटर
ताई, त्याचमुळे. विमानाच्या आत दाब कृत्रिमपणे राखतात, पण जमिनीइतका नाही. जास्तीत जास्त ८,००० फुटांवर असतो तितका खाली जाऊ देतात. लोणावळा दोन हजार फुटांच्या आसपास, म्हणून तिथे पाकीट थोडंच फुगतं. पुण्याच्या विमानतळावर दाब ९४५ च्या जवळ असतो, लेहला ६८० च्या. घाटात आवंढा गिळत राहा, नातवंडांना गोळी चघळायला द्या.

मुंब्राबायपास
आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. मुंबईचं एक क्यूएनएच, उलव्याचं वेगळं? शेजारी शेजारी उडणाऱ्या विमानांचं शून्य वेगळं झालं तर?

नौपाडा_बॅरोमीटर
चांगला प्रश्न. मोजमाप ज्या त्या विमानतळाचं वेगळंच. पण दोन्ही एका खाडीच्या दोन बाजूंना, तीसेक किलोमीटरवर. इतक्या अंतरात दाब सहसा बदलत नाही. फार तर अपूर्णांक खाली सोडल्याने एकाचा १००३ आणि दुसऱ्याचा १००४ दिसेल, म्हणजे २७ फूट. विमानांमध्ये राखलेलं अंतर याच्या कितीतरी पट असतं. वादळ जवळ असताना मात्र दाब भराभर पडतो. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गेलं तेव्हा फोनमधल्या बॅरोमीटरवर आलेख घसरताना ज्यांनी पाहिला त्यांना आठवेल. त्या दिवशी विमानतळ बंदच ठेवला होता.

खाडीवारा
उत्तर मिळालं आणि मुलाला नवा छंदही. मुंबईचा हवामान-अहवाल नेटवर दर अर्ध्या तासाला येतो. त्यात 'क्यू' अक्षरानंतर चार आकडे असतात तोच दाब. वेळ ग्रीनिचची असते, साडेपाच तास मिळवायचे. काल संध्याकाळी क्यू १००४ होता. ॲपवर टाकीवरचं विमान २५५०. ९ गुणिले २७ म्हणजे २४३. वजा केले, २३०७. मुलाने वहीत लिहून ठेवलंय.

आज हा धागा ग्रुपवर दिला. उंचीचा मुद्दा पत्रातून काढायला कमिटी तयार झाली. पण थंडीत आवाज जास्त येतो हा अनुभव मात्र खोटा नाही, मलाही येतो. विमान त्याच उंचीवर असेल तर तो का वाढतो?

नौपाडा_बॅरोमीटर
अनुभव खरा आहे. थंडीत पहाटे खाडीजवळ जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. अशा वेळी आवाज वर निघून न जाता खाली वाकतो. पावसाळ्यात हा थर बनत नाही आणि पावसाचाच आवाज असतो. शिवाय थंडीत पंखे बंद आणि खिडक्या उघड्या.

तक्रार आवाजाचीच करा, उंचीची नको. आवाज डेसिबलमध्ये मोजा, तारीख-वेळ लिहा, सोबत विमानाचा क्रमांक. ते कुणालाही तपासता येतं.

उजवी_खुर्ची
+१. आणि वेळ लिहाल तेव्हा पहाटेची वेगळी काढा. रात्री बारा ते सहामधली उड्डाणं वेगळ्या यादीत ठेवा.

पायलटपरीक्षा_ऐरोली
खाडीवारा ताई, मुलाला सांगा सकाळी दहा आणि दुपारी चार, दोन्ही वेळा लिहायला. वजाबाकीनंतर दोन्ही आकडे सारखे आले तर नौपाडा काकांची भरती-ओहोटी त्याच्या वहीत दिसेल. मीही ऐरोलीतून लिहितो, जुळवून बघू.